व्हीटीवर बूड टेकायचं कुठे?

माझी आत्या कुठल्याही गाडीच्या अडीच तास आधी स्टेशनवर पोचायची. सोलापूरला परत जायचं असलं, की सिद्धेश्वर रात्री साडेदहानंतर सुटते हे पक्कं ठाऊक असूनही आम्ही आठाच्या ठोक्याला व्हीटीच्या मोठ्या हॉलमध्ये हजर. ‘गाडी आपल्यासाठी थांबत नसते, आपण गाडीसाठी थांबायचं,’ हे तिचं शास्त्र. आत शिरल्यावर तिचे डोळे इंडिकेटरकडे जात नसत, जमिनीकडे जात. पाठ टेकायला खांब कुठे मोकळा आहे, नळ किती लांब आहे, बाईमाणसाला जाण्याजोगी मोरी कुठल्या बाजूला आहे, याचा तिचा हिशेब मिनिटभरात उरकायचा. मग चादर पसरली जायची, भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा उघडायचा आणि पुढचे दोन तास ते आमचं घर. शेजारच्या चादरीवर महालक्ष्मीने कोल्हापूरला निघालेलं कुटुंब, पलीकडे देवगिरीने परभणीला जाणारं, त्याच्याही पलीकडे कोकणकन्येची वाट पाहत पेंगणारी पोरं. महाराष्ट्राचा नकाशा तुकड्यातुकड्यांनी त्या फरशीवर पसरलेला असायचा.

त्या वयात मला ही मजा वाटे. जमिनीवर बसणं म्हणजे सहलच. पुढे कळलं, की आत्या जमिनीवर बसत होती याचं कारण तिची हौस नव्हती. ज्या इमारतीचं चित्र देशाच्या कॅलेंडरांवर छापलं जातं, तिने आत्यासाठी जागा ठेवलेलीच नव्हती. आणि आता व्हीटीच्या पुनर्विकासाचं काम चालू असताना मला विचारायचा प्रश्न तोच आहे, आत्याचाच: बूड टेकायचं कुठे?

(व्हीटी म्हणतो म्हणून कुणी रागावू नये. १९९६ साली स्थानकाला छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळालं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द आला, आणि दोन्ही योग्यच झालं. पण आमच्या घरात सवय व्हीटीची, आणि बेस्टच्या कंडक्टरांचीही ती अजून गेलेली नाही.)

या जागेचा इतिहास आपण सांगतो तो बहुधा दगडांचा. १६ एप्रिल १८५३ च्या दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरच्या साध्या स्थानकातून साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी १४ डबे ओढत ठाण्याची वाट धरली. आत सुमारे ४०० निमंत्रित होते, बाहेर २१ तोफांची सलामी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी इथे उभी राहावी म्हणून खटपट करणाऱ्यांत जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठ आणि जमशेटजी जीजीभॉय होते. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८७८ मध्ये, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यानुसार आजच्या इमारतीचं काम सुरू झालं. १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली त्या मुहूर्तावर, तिला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव दिलं गेलं. खर्च १६ लाख १४ हजार रुपयांच्या घरात. दगडातली पानं-फुलं, माकडं, मोर, घोरपडी घडवण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात होते. फाटकाच्या एका खांबावर इंग्लंडचा सिंह, दुसऱ्यावर हिंदुस्थानचा वाघ. भिंतीवर कोरलेल्या मुखवट्यांमध्ये नाना आणि जमशेटजीही आहेत. २००४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत नाव घातलं, आणि तेव्हापासून समोरच्या चौकात रात्री रोषणाईचे फोटो काढणाऱ्यांची गर्दी वाढली.

हे सगळं खरं आणि अभिमानाचं. पण एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही, आणि मलाही ती बऱ्याच उशिरा आली. ज्या घुमटाचे आपण फोटो काढतो, त्याच्या खाली प्रवासी कधीच नव्हता. तो घुमट कचेरीच्या जिन्यावर आहे. स्टीव्हन्सने बांधलं ते प्रामुख्याने रेल्वे कंपनीचं मुख्यालय. घुमट, जिना, रंगीत काचा हे साहेबांसाठी. प्रवाशांच्या वाट्याला आला उत्तरेकडच्या बाजूचा तिकीटघराचा दालनखाना, ज्याला आज स्टार चेंबर म्हणतात. छतावरचे सोनेरी तारे बघत तिकीट काढायला मिळतं हे भाग्यच, पण तारे बघायला थांबलं तर मागचा माणूस ढकलतो. गाड्या उभ्या राहतात त्या मागच्या शेडमध्ये. १९२९ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी बाजूला नवा भाग जोडला गेला. आत्याची चादर पसरायची ती त्या बाजूला. म्हणजे जगाने जपायला घेतलेली इमारत एकीकडे आणि लोक ज्याला व्हीटी म्हणतात ती दुसरीकडे, मधे एक भिंत.

ही भिंत रेल्वेच्या जन्मापासूनची आहे. वर्ग पाडूनच ती जन्मली. प्रवासी भाड्याचं बहुतेक उत्पन्न तिसऱ्या वर्गातून यायचं आणि बहुतेक सोय पहिल्या वर्गाची व्हायची. सप्टेंबर १९१७ मध्ये गांधीजींनी मुंबईहून मद्रासपर्यंतचा मेलगाडीचा तिसऱ्या वर्गाचा प्रवास केला, १३ रुपये ९ आणे मोजले, आणि नंतर वर्तमानपत्रांना लिहिलेल्या पत्रात त्या डब्याचं वर्णन केलं. २२ माणसांसाठी असलेल्या डब्यात कोंबलेली गर्दी, न धुतलेली जमीन, संडासात पाणी नाही. त्यांनी त्यात काटकसरीचं गणितही मांडलं होतं: पहिल्या वर्गाचा प्रवासी तिसऱ्याच्या पाचपट भाडं देतो, पण तिसऱ्याला त्याच्या पाचव्या भागाइतकी तरी सोय मिळते का? शंभर वर्षं उलटली. गणित सुटलेलं नाही.

मधे एकदा ते सोडवायचा प्रामाणिक प्रयत्न झाला, आणि तो झाला याच व्हीटीवरून. ही गोष्ट मला इमारतीच्या सगळ्या कोरीव कामाहून मोलाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९७७ मध्ये जनता पक्षाचं सरकार आलं आणि मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. राजापूरचे खासदार. त्याआधी कित्येक वर्षं ते मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. फोर्टातलं ते कॉलेज व्हीटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेव्हाच्या दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात झोपायला लाकडी फळ्या होत्या. ज्यांनी त्यावर दोन रात्री काढल्या आहेत, त्यांना बरगड्या मोजायला वैद्य लागत नसे. दंडवते यांनी ठरवलं, की त्या फळ्यांवर दोन इंच फोम घालायचा. आजच्या भाषेत याला ‘क्रांतिकारी निर्णय’ कुणी म्हणणार नाही. दोन इंच फोम म्हणजे दोन इंच फोम. पण त्यामागचा विचार साधा नव्हता. पहिल्या वर्गाला खाली ओढायचं नाही, दुसऱ्याला वर उचलायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. रेल्वेतल्या हिशेबनिसांना खर्चाची धास्ती वाटली असणारच. तरी निर्णय झाला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई व्हीटी ते हावडा अशी गीतांजली एक्स्प्रेस सुटली. तिला पहिला वर्गच नव्हता. सगळे एकाच वर्गाचे, सगळ्यांच्या पाठीखाली तोच फोम.

ती गाडी पुढे वर्गविहीन राहिली नाही. आज तिला वातानुकूलित डबे आहेत. पण फोम राहिला. नंतर आलेल्या कुठल्याही सरकारला तो काढायची हिंमत झाली नाही. लोकांना एकदा मिळालेली साधी सोय परत घेणं फार अवघड असतं, आणि म्हणूनच ती पहिल्यांदा देणं इतकं टाळलं जातं.

दंडवते यांनी फळीवर फोम घातला. फलाटावर कुणी घालायचा राहिला. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचं सगळं त्याचाच विस्तार.

आता पुनर्विकासाकडे. २८ सप्टेंबर २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली, अहमदाबाद आणि मुंबई सीएसएमटी या तीन स्थानकांच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. तिन्ही मिळून सुमारे १०,००० कोटी रुपये. मुंबईचं काम पुढच्या वर्षी साधारण २,४५० कोटींना दिलं गेलं. त्या वेळी जी रूपरेषा जाहीर झाली, तिच्यात रुळांच्या वर एक प्रशस्त छत-चौक आहे, इंग्रजीत ज्याला रूफ प्लाझा म्हणतात. त्यावर दुकानं, कॅफेटेरिया, करमणुकीच्या सोयी. फूड कोर्ट, मुलांना खेळायला जागा, स्थानिक वस्तूंचे स्टॉल. येणारे आणि जाणारे प्रवासी वेगळे. शहराच्या दोन्ही बाजू एकमेकींना जोडलेल्या. जुन्या इमारतीच्या भोवती नंतर उगवलेली बांधकामं हटवून तिला मोकळा श्वास द्यायचा.

यातल्या बऱ्याच गोष्टी मला मनापासून हव्या आहेत. येणाऱ्यांचा आणि जाणाऱ्यांचा लोंढा एकमेकांवर आदळू नये, यासाठी तर कुणीही हात जोडेल. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली, त्या शहरात रुंद पूल आणि वेगळे रस्ते ही चैन नाही. इमारत मोकळी व्हावी हेही बरोबर. त्या यादीत प्रतीक्षा लाउंजही आहे. मग तक्रार काय?

तक्रार त्या ‘लाउंज’ शब्दात आहे. प्रतीक्षालय आणि लाउंज यांत फरक आहे, आणि तो भाषेचा नाही. गेल्या काही वर्षांत अनेक मोठ्या स्थानकांवर ताशी पैसे घेणारी वातानुकूलित दालनं आली. छान आहेत. ज्याच्या खिशात आहेत त्याने जावं. पण ती आल्यावर फुकटच्या जागेचं काय झालं, हे बघायचं असलं तर सुट्टीच्या हंगामात रात्री नऊ वाजता व्हीटीच्या लांब पल्ल्याच्या बाजूला चक्कर मारावी. बाकं भरलेली, बाकांच्या मधली जागा भरलेली, आणि फरशीवर वर्तमानपत्रं. पोलिसांची शिट्टी वाजली की एक रांग उठते, दहा पावलं सरकते आणि परत बसते.

व्यापारी गणिताने पाहिलं तर हे असंच होणार. स्थानकाची जागा भाड्याने देऊन पैसा उभा करायचा ठरला, की प्रत्येक चौरस फुटाला भाव येतो. चहा-समोसा विकणारा फूट कमावतो, बूड टेकलेला फूट काहीच कमवत नाही. नफ्याच्या वहीत बाकडं हे नुकसान आहे. म्हणून विमानतळावर तुम्हाला बोर्डिंग गेटपर्यंत पोचायला अत्तराच्या दुकानांतून वळणं घेत जावं लागतं. भोपाळचं हबीबगंज, आताचं राणी कमलापती, हे खासगी भागीदारीतून नव्याने उभं राहिलेलं पहिलं मोठं स्थानक. तिथे सुरुवातीला पार्किंगचे दर इतके चढवले गेले, की ओरड होऊन ते खाली आणावे लागले. व्हीटीसाठीही २०२० मध्ये खासगी भागीदारीच्या निविदा निघाल्या होत्या. तेव्हा वापर शुल्काची, म्हणजे तिकिटावर आणखी चार पैसे लावण्याची भाषा होती. पुढे तो मार्ग सोडून सरकारी पैशाने काम करायचं ठरलं.

आणि इथेच माझा मुद्दा घट्ट होतो. खासगी कंपनीने स्वतःचा पैसा घातला असता, तर ती म्हणू शकली असती की बाई, बाकड्याचे पैसे कोण देणार? आता तसं म्हणायची सोय कुणालाच नाही. पैसा करदात्यांचा आहे, म्हणजे त्या फरशीवर बसणाऱ्यांचासुद्धा. साबण घेतानाही ते कर भरतात. मग या २,४५० कोटींच्या स्थानकात, तिकीट हातात असलेल्या कुणालाही, एक पैसा न देता, किती माणसांना एका वेळी बसता येणार आहे? किती नळ? बायकांसाठी किती संडास, आणि ते फलाटापासून किती पावलांवर? हे आकडे छत-चौकाच्या रंगीत चित्राइतक्याच ठळकपणे लोकांसमोर लावले गेले पाहिजेत. मुंबईत बायकांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावाने चळवळ चालवली, मुताऱ्यांसाठी. मुतारीसाठी चळवळ करावी लागते ही गोष्टच इतकी लाजिरवाणी आहे, की त्यावर अधिक काही लिहवत नाही.

या म्हणण्यावर तीन उत्तरं हमखास येतात.

पहिलं सुरक्षिततेचं, आणि ते मी हलक्याने घेत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दोन हल्लेखोर त्याच हॉलमध्ये शिरले. ५८ माणसं मारली गेली. त्यातले अनेक जण गाडीची वाट पाहत सामान घेऊन बसलेले होते, आमच्यासारखेच. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी माइक सोडला नाही आणि लोकलने येणाऱ्यांना मागच्या बाजूने बाहेर काढलं म्हणून आकडा तिथे थांबला. त्यानंतर ‘बसलेली गर्दी’ हा सुरक्षा यंत्रणेच्या दृष्टीने धोकाच झाला, हे समजू शकतं. पण बसायला जागा नाही म्हणून गर्दी बसायची थांबत नाही. ती वाटेत बसते. फलाटाच्या तोंडाशी, जिन्याखाली, तपासणीच्या यंत्राच्या पुढ्यात. २७ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरची अनारक्षित अंत्योदय गाडी फलाटाला लागताना लोक धावले, चेंगराचेंगरी झाली, नऊ-दहा जण जखमी झाले. दिवाळी-छठचे दिवस. त्यावर लगेच काय केलं? फलाट तिकिटांची विक्री थांबवली. पुढे १५ फेब्रुवारी २०२५ ला नवी दिल्ली स्थानकात कुंभाच्या गर्दीत १८ माणसं गेली, तेव्हा रेल्वेने ठरवलं की गर्दीच्या स्थानकांबाहेर कायमस्वरूपी थांबण्याच्या जागा करायच्या, गाडी लागेपर्यंत लोकांना तिथे ठेवायचं. म्हणजे इतकी माणसं गमावून आपण आत्याच्या शास्त्रापाशी आलो. माणूस गाडीसाठी थांबणार आहे. त्याला थांबायला नीट जागा द्या, तो धावणार नाही.

दुसरं उत्तर मला जास्त झोंबतं. ‘स्टेशन म्हणजे काय धर्मशाळा आहे?’ हे वाक्य मी अधिकाऱ्यांकडून नाही, चांगल्या शिकलेल्या मित्रांकडून ऐकलं आहे. त्यांना म्हणायचं असतं, की लोक येतात, पसरतात, डबे उघडतात, घाण करतात. मला या वाक्यातला ‘धर्मशाळा’ शब्दाचा शिवीसारखा वापर कळत नाही. ज्या पिढीने ही रेल्वे आणली, त्याच पिढीतल्या शेठ-सावकारांनी गावोगाव धर्मशाळा आणि पाणपोया बांधल्या. वाटसरूला सावली आणि पाणी देणं हे पुण्याचं काम, तो कुठल्या वर्गाचा आहे हे विचारायचं नाही, ही समज त्यांच्या हाडात होती. व्हीटीच्या शेजारी, जीपीओजवळ, मिंट रोडवर जुनी देखणी कोठारी पाणपोई अजून उभी आहे. काही वर्षांपूर्वी ती दुरुस्तही केली गेली. स्थानकावर मात्र पाणी म्हटलं की बाटली. स्वस्तात बाटली भरून देणारी यंत्रं मुंबईच्या फलाटांवर आली, काही वर्षं चालली आणि बरीचशी बंद पडली. असो. धर्मशाळा नाही तर नाही, पण ज्यांनी तो शब्द शिवी करून टाकला त्यांच्या हाती स्थानकाचा आराखडा नसावा, एवढी माझी इच्छा आहे.

घाण होते हे मात्र खरं. त्याला उत्तर झाडू आहे, बंदी नाही.

तिसरं उत्तर वारसाप्रेमींचं. त्यात माझे स्नेही आहेत आणि त्यांच्यामुळेच ही इमारत आज शाबूत आहे, तेव्हा जपून लिहितो. त्यांना भीती आहे की प्रवाशांच्या सोयी वाढवताना वास्तूला धक्का बसेल. म्हणून २०१८ च्या सुमारास रेल्वेकडून जी कल्पना पुढे आली, कचेऱ्या हलवून या इमारतीचं संग्रहालय करायची, तिला काहींनी टाळ्या वाजवल्या. रेल्वे कर्मचाऱ्यांनी विरोध केला. माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. युनेस्कोने व्हीटीचं महत्त्व ओळखलं ते ती चालती-बोलती आहे म्हणूनही. रोज लोकांचे लोट ज्या घरातून वाहतात, ते घर काचेत ठेवलं की वारसा संपला, सांगाडा उरला. कचेऱ्या हलवायच्याच असतील तर जरूर हलवा. पण रिकामी झालेली तळमजल्यावरची एक-दोन दालनं संग्रहालयाच्या तिकीटखिडकीला देण्याऐवजी अनारक्षित तिकिटाच्या प्रवाशांना बसायला द्या. लाकडी बाकं, पंखे, नळ. भिंतीला कुणी हात लावायची गरज नाही. उंच छत, कमानी, जाड दगडी भिंती: स्टीव्हन्सने मुंबईच्या उकाड्यात गारवा राहील असं बांधलं आहे, तो गारवा १३९ वर्षं कारकुनांनी उपभोगला. आता सिवानच्या गवंड्याने आणि उमरग्याच्या ऊसतोडणी कामगाराने त्यात दोन तास बसलं तर काही बिघडत नाही. मी तर म्हणेन, त्या घुमटाखाली पहिल्यांदाच प्रवासी आला, असं लिहायला मिळेल.

हे अव्यवहार्य वाटेल. तपासणी कुठे करायची, फलाटापर्यंत ने-आण कशी, दोन इमारतींचा सांधा कुठे, असे खरे प्रश्न आहेत. पण रुळांच्या डोक्यावर अख्खा चौक उभा करणाऱ्या अभियंत्यांना हे सुटणार नाहीत, यावर माझा विश्वास नाही.

नावाविषयी पुन्हा दोन शब्द, कारण मराठी माणूस स्थानकाविषयी बोलायला लागला की तिथेच पोचतो. नावं बदलली पाहिजेत, बदलली जात आहेत. मुंबई सेंट्रलला नाना शंकरशेठांचं नाव द्यावं ही मागणी मलाही मान्य आहे. पण आपली सगळी ऊर्जा पाटीत जाते. महाराजांचं नाव असलेल्या स्थानकात रयतेला बसायला जागा असावी, असा आग्रह धरत एखादा मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. शेतातल्या भाजीच्या देठालासुद्धा हात लावू नये अशी ताकीद ज्यांनी सैन्याला दिली, त्यांच्या नावाने तरी तो निघायला हवा होता.

लोकलच्या प्रवाशांबद्दल मी इथे काही लिहिलं नाही, हे लक्षात आलं असेल. १८ पैकी ७ फलाट त्यांचे. पण ते व्हीटीवर थांबत नाहीत, वाहतात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी इथूनच कुर्ल्यापर्यंत देशातली पहिली विजेवरची गाडी धावली आणि तेव्हापासून मुंबईकराला स्टेशनात बसायला वेळ मिळालेला नाही. त्याची दुखणी वेगळी, जिवावरची. उपनगरी रुळांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, आणि कुर्ल्यापासून व्हीटीपर्यंतची पाचवी-सहावी मार्गिका वर्षानुवर्षं रखडली आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय. एवढंच म्हणतो, की पैसा वाटताना छत-चौकाचा नंबर त्या मार्गिकेच्या आधी का लागला, याचंही उत्तर कुणीतरी द्यावं.

परवा पहाटे एका पाहुण्याला सोडायला व्हीटीवर गेलो होतो. गीतांजली आजही इथूनच सुटते, सकाळी सहा वाजता. तिला पकडणाऱ्यांत बंगालकडचे बरेच जण परळच्या टाटा रुग्णालयातून निघालेले असतात. पहाटे टॅक्सीला द्यायला पैसे नसतात, म्हणून रात्रीच येऊन राहतात. चार वाजले होते. एका खांबाला टेकून मध्यमवयीन बाई बसली होती, डोक्याला रुमाल गच्च बांधलेला, मांडीवर रुग्णालयाची जाडजूड फाइल. नवरा तिच्याखाली आणखी एक वर्तमानपत्र सरकवत होता, मग त्याने पिशवीतला स्वेटर काढला, त्याची चौघडी घातली आणि तीही खाली सारली. हाताने दाबून पाहिलं. साधारण दोन इंच झालं असेल.